जुन्या तंबोऱ्याची जवारी

माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेला तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुरुस्तीला आला, तर त्याची परीक्षा बोटांनी सुरू होते. भोपळ्याला चीर गेलीय का, दांडी तारांच्या ओढीनं वाकलीय का, घोडीखाली तबली खचलीय का, हे आधी चाचपलं जातं. भोपळा बहुधा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं. दोन्ही मुरलेली असतात, म्हणून जुनं अंग होता होईल तो बदलायचं नाही. चीर सांधायची, खुंट्या बसत्या करायच्या आणि खरा वेळ घोडीला द्यायचा.

घोडीची पाठ रुंद आणि किंचित फुगीर असते. छेडलेली तार थरथरताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते नि सुटते, आणि त्या घसटीतून वरचे स्वरांश उमटत राहतात. तार जिथे छेडली तिथेच ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश एरवी उमटू नये. तंबोऱ्यात तोही ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं.

वापरानं तारा या पाठीवर खाचा पाडतात. मग नाद खरखरतो, नाहीतर मुका होतो. कारागीर तार सैल करून बाजूला सारतो, कानशीनं पाठ घासतो, तार परत ताणतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा सैल करतो. इथे माप लावायला काही नाही. कान सांगेल तिथे थांबायचं. हात जरा जास्त चालला तर सगळी पाठ नव्यानं उतरवावी लागते. घासून झालं की तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. तो केसभर पुढेमागे होता होता एका जागी नाद एकदम खुलतो. जवारी लागली ती तिथे.

स्वर लावताना पहिली तार पंचमाची, रागाप्रमाणे मध्यमाची किंवा निषादाची. मधल्या दोन जोडाच्या, चौथी पितळेची, खर्जाची. खुंटीनं स्वर जवळ आणायचा, तारेत ओवलेल्या मण्यानं नेमका करायचा. खर्ज नीट लागला की त्यातून न छेडलेला गंधार बोलू लागतो. पेटीच्या समान अंतरांच्या गंधारापेक्षा तो जवळपास १४ सेंटनी उतरा असतो. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. स्वर मोजणाऱ्या यंत्राचा काटा पेटीच्या बाजूनं बोलतो. अमेरिकेतले पेडल स्टील गिटार वाजवणारे पुष्कळ वादकही हा स्वर काट्याच्या खाली, कानानं उतरवून घेतात. काटा पाहूनच तंबोरा लावायची सवय लागली तर हा गंधार ऐकण्याची सवय सुटेल, अशी मला काळजी वाटते.

मिरजेत कारागिरांचा हा कान एकोणिसाव्या शतकात घडला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, आणि पुढे घराणीच्या घराणी याच कामात उतरली. श्रुतींच्या अभ्यासात देवल आणि क्लेमेंट्स यांना साथ देणारे गायक अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी गाणं होतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नावाला संरक्षण मिळालं. जवारी लावणारा नवा हात तयार व्हायला मात्र वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं शिकणाऱ्या मुलाचं पोट त्या कामावर भरलं पाहिजे. गायनशाळांच्या कोपऱ्यांत गवसणीत उभे असलेले तंबोरे नियमानं जवारीला पाठवले, तरी त्याच्या हाताला काम मिळेल.