परसदारातील नवनिर्मिती : पॉल मॅकार्टनी यांचा २००५ मधील अल्बम आणि त्याची अकूस्टिक सादरीकरणे

प्रस्तावना

रॉक संगीत इ.स. १९५० च्या दशकात अमेरिकेत उदयास आले आणि ते आरंभापासूनच तरुणांचे संगीत मानले गेले. त्याचे आद्य कलावंत पुढे साठी ओलांडू लागले, तेव्हा या संगीतासमोर पूर्वी कधी न उद्भवलेला प्रश्न उभा राहिला. वयोवृद्ध रॉक कलावंताने नवे काय निर्माण करावे, आणि केलेच तर ते ऐकणार कोण? श्रोते तिकिटे काढतात ती त्याच्या जुन्या गीतांसाठी. नव्या गीताची घोषणा होताच प्रेक्षागृहातील काही मंडळी उपाहारगृहाकडे वळतात, हे अशा मैफलींचे सर्वपरिचित दृश्य आहे. कलावंताची कीर्ती अशा रीतीने त्याच्याच नवनिर्मितीच्या आड येते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे सर पॉल मॅकार्टनी यांचा सप्टेंबर २००५ मध्ये प्रकाशित झालेला ‘केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड’ हा अल्बम आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत त्यांनी एकट्याने केलेले सादरीकरण. प्रसिद्धीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे सामान्यतः व्यापारी बाब म्हणून दुर्लक्षिली जातात. या उदाहरणात मात्र त्या ध्वनिमुद्रणांखेरीज मूळ अल्बमचे आकलन अपुरे राहते.

अल्बमची पार्श्वभूमी

मॅकार्टनी यांचा जन्म १८ जून १९४२ रोजी लिव्हरपूल येथे झाला. बीटल्स हा चौघांचा संघ १९७० मध्ये विसर्जित झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. पुढील तीन दशकांत त्यांनी विंग्ज या संघासह व स्वतंत्रपणेही विपुल लेखन केले. तथापि एकविसाव्या शतकाच्या आरंभी चित्र काहीसे विपरीत दिसते. बीटल्सच्या अग्रस्थानी पोहोचलेल्या गीतांचा ‘१’ हा संग्रह नोव्हेंबर २००० मध्ये निघाला आणि अनेक देशांत विक्रीच्या यादीत पहिला आला. बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर २००१ मध्ये, मॅकार्टनी यांचा ‘ड्रायव्हिंग रेन’ हा नवा अल्बम प्रकाशित झाला. ब्रिटनमध्ये तो ४६ व्या क्रमांकापुढे सरकला नाही. २००२ मधील त्यांच्या दौऱ्यास मात्र उदंड गर्दी लोटली. एकाच व्यक्तीच्या भूतकाळास एवढी मागणी आणि वर्तमानास एवढी उपेक्षा, अशी ही स्थिती होती.

अशा वेळी मॅकार्टनी यांनी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा सल्ला घेतला. येथे ‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे अगत्याचे आहे. चित्रपटाच्या निर्मात्याप्रमाणे भांडवल पुरविणे हे ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचे मुख्य काम नव्हे. कोणते गीत घ्यावे, ते कोणत्या लयीत व कोणत्या वाद्यांवर बांधावे, कोणते ध्वनिमुद्रण राखावे व कोणते टाकावे, याविषयी कलावंतास सल्ला देणारा, प्रसंगी त्याला अडविणारा तो सहकारी असतो. मार्टिन यांनी नायजेल गॉड्रिच यांचे नाव सुचविले. गॉड्रिच यांचा जन्म १९७१ चा, म्हणजे बीटल्स विसर्जित झाल्यानंतरचा. रेडिओहेड या संघाच्या ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७) या अल्बममुळे ते प्रसिद्धीस आले होते.

नकाराचे मूल्य

ध्वनिमुद्रणास २००३ मध्ये प्रारंभ झाला. मॅकार्टनी आपल्या दौऱ्यातील वादकवृंदासह स्टुडिओत आले होते. काही दिवसांतच गॉड्रिच यांनी तो वादकवृंद बाजूस ठेवण्याची सूचना केली आणि बहुतेक वाद्ये मॅकार्टनी यांनी स्वतःच वाजवावीत, असा आग्रह धरला. या सूचनेस इतिहास होता. ‘मॅकार्टनी’ (१९७०) व ‘मॅकार्टनी २’ (१९८०) हे दोन अल्बम त्यांनी याच पद्धतीने केले होते. मात्र त्या दोन्ही वेळी ते आपल्या मर्जीने एकटे होते. या खेपेस त्यांना एकटे केले गेले. पियानो, बेस, ढोल, विविध गिटारी, इतकेच नव्हे तर फ्लुगलहॉर्न हे सुषिर वाद्यही त्यांनी स्वतः वाजविले.

गॉड्रिच यांचा नकार वाद्यांपुरता मर्यादित नव्हता. काही गीते त्यांनी स्पष्टपणे नापसंत केली. त्यावरून उभयतांत खटके उडाले, हे मॅकार्टनी यांनी पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले आहे. ‘रायडिंग टू व्हॅनिटी फेअर’ हे गीत याचे उत्तम उदाहरण होय. ते मूळच्या जलद रूपात निर्मात्याला रुचले नाही. लय उतरवून, चाल पालटून ते पुन्हा घडविले गेले. दुरावलेल्या मैत्रीविषयीचे हे गीत आज ऐकताना त्या संथ लयीतच त्याचे कडवट सामर्थ्य असल्याचे जाणवते.

येथे थोडे थांबणे योग्य होईल. मॅकार्टनी यांच्या दर्जाच्या कलावंताच्या बाबतीत प्रतिभेचा ऱ्हास ही खरी अडचण नसते. त्याला ‘हे चालणार नाही’ असे म्हणणारे कोणी उरत नाही, ही असते. बीटल्सच्या काळात ते काम जॉन लेनन करीत. लेनन यांची हत्या डिसेंबर १९८० मध्ये झाली. जॉर्ज हॅरिसन यांचे निधन २९ नोव्हेंबर २००१ रोजी, ‘ड्रायव्हिंग रेन’ प्रकाशित झाला त्याच महिन्यात झाले. या अल्बममधील ‘फ्रेंड्स टू गो’ हे गीत लिहिताना आपण जणू हॅरिसन होऊन लिहीत आहोत असे वाटले, असे मॅकार्टनी यांनी सांगितले आहे. दिवंगत मित्रांच्या जागी बत्तीस वर्षांचा एक परका तरुण येऊन बसला आणि त्याने मित्रांइतक्याच निर्भीडपणे नकार दिला, असे या ध्वनिमुद्रणाचे वर्णन करता येईल.

सर्वच गीते सारख्या तोलाची आहेत असे नव्हे. ‘इंग्लिश टी’ हे लाडिक गीत मॅकार्टनी यांच्या जुन्या सवयींपैकी एकीचे अतिपरिचित रूप आहे. तेथे गॉड्रिच यांनी हात सैल का सोडला, असा प्रश्न पडतो.

परसदार आणि छायाचित्र

अल्बमच्या मुखपृष्ठावरील छायाचित्र मॅकार्टनी यांचे धाकटे बंधू माइक यांनी १९६२ मध्ये घेतलेले आहे. लिव्हरपूलमधील २०, फोर्थलिन रोड या कौटुंबिक घराच्या परसात तरुण पॉल गिटार वाजवीत बसले आहेत आणि माइक यांनी घराच्या आतून, जाळीदार पडद्याआडून त्यांना टिपले आहे. साधे भाड्याचे घर ते. १९९५ पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या मालकीचे आहे. छायाचित्रात ना रंगमंच आहे ना श्रोते. एक तरुण, एक वाद्य आणि घराचे परस, एवढेच. त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा त्या परसात जाऊन बसण्याचा प्रयत्न, असा अल्बमच्या शीर्षकाचा अर्थ लावता येतो.

अॅबी रोड येथील सादरीकरण

प्रकाशनापूर्वी, २८ जुलै २००५ रोजी, अॅबी रोड येथील स्टुडिओ क्रमांक २ मध्ये मोजक्या निमंत्रितांसमोर मॅकार्टनी यांनी एक कार्यक्रम केला. ‘केऑस अँड क्रिएशन अॅट अॅबी रोड’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे ध्वनिमुद्रण बीबीसी रेडिओ २ साठी झाले आणि चित्रीकरण पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीवर दाखविले गेले. बीटल्सची बहुसंख्य ध्वनिमुद्रणे याच खोलीत झाली होती.

अशा कार्यक्रमांची प्रथा तोवर रुळलेली होती. एमटीव्ही या वाहिनीने १९८९ मध्ये ‘अनप्लग्ड’ ही मालिका सुरू केली; विजेच्या गिटारींऐवजी अकूस्टिक वाद्यांवर गीते सादर करणे हे तिचे सूत्र होते. मॅकार्टनी यांनी तीत जानेवारी १९९१ मध्ये भाग घेतला आणि चौदाव्या वर्षी रचलेले आपले पहिले गीतही तेथे गायले. एरिक क्लॅप्टन यांच्या १९९२ मधील ‘अनप्लग्ड’ अल्बमला अफाट यश मिळाल्यावर ज्येष्ठ कलावंतांच्या पुनरागमनाचा तो राजमार्गच ठरला. ‘साधेपणा’ हे विक्रीचे साधन बनले, ही त्याची दुसरी बाजू होय.

अॅबी रोडचा कार्यक्रम या साच्यातून वेगळा निघाला, कारण त्याचा भर आठवणींवर कमी आणि कारागिरीवर अधिक होता. मॅकार्टनी यांनी मेलोट्रॉन हे वाद्य उघडून दाखविले, त्यावर ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’चा आरंभ वाजविला. एल्व्हिस प्रेस्ली यांचे साथीदार बिल ब्लॅक यांचा उभा बेस वाजवून ‘हार्टब्रेक हॉटेल’ गायले. वाद्यांचे थर एकावर एक चढवून श्रोत्यांदेखत एक छोटी रचना तयार केली. १९५८ मध्ये लिव्हरपूलमधील एका घरगुती स्टुडिओत, बीटल्सच्या पूर्वावताराने, म्हणजे क्वारीमेन या संघाने, मुद्रित केलेले ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ हे गीतही तेथे ऐकावयास मिळते. त्या मुद्रणाची एकच तबकडी निघाली होती.

‘ब्लॅकबर्ड’ ते ‘जेनी रेन’

तथापि कार्यक्रमाचा गाभा होता तो गिटारवरील एका धाग्याचा. किशोरवयात पॉल व जॉर्ज हॅरिसन यांनी योहान सेबास्टियन बाख यांची ई मायनरमधील ‘बूरे’ ही नृत्यरचना आपल्या कुवतीप्रमाणे बसविली होती. मंडळींवर छाप पाडण्यासाठी ते ती वाजवीत आणि अर्थातच तीत चुकाही करीत. मॅकार्टनी यांनी अॅबी रोड येथे ती वाजवून दाखविली आणि तिच्यातून ‘ब्लॅकबर्ड’ची कल्पना कशी निघाली, हे उलगडले.

या उगमाचा सांगीतिक अर्थ समजून घेण्यासारखा आहे. रॉकमध्ये गिटार बहुधा सर्व तारा एकत्र छेडून वाजविली जाते. त्यातून स्वरसमूहांची साथ मिळते. बाख यांच्या रचनेत मात्र खालचा व वरचा असे दोन स्वतंत्र स्वरप्रवाह एकाच वेळी वाहतात. मॅकार्टनी यांनी नेमके हेच उचलले. ‘ब्लॅकबर्ड’मध्ये अंगठा खर्जातील ओळ वाजवितो, बोट वरची ओळ वाजविते आणि या दोन ओळींत बहुतांशी दहाव्याचे अंतर राहते, सोप्या भाषेत, खाली षड्ज असेल तर वर पुढच्या सप्तकातील गांधार. या दोहोंच्या मध्ये गिटारची तिसरी तार मोकळी वाजत राहते. गीताचा आधारस्वर तोच असल्याने ती तंबोऱ्याच्या षड्जासारखे काम करते. एका गिटारीत त्रिविध नाद साधतो आणि म्हणूनच दुसऱ्या वाद्याची उणीव भासत नाही.

हे गीत याच स्टुडिओत ११ जून १९६८ रोजी मुद्रित झाले होते. त्यातील लयीचा ठोका म्हणजे मॅकार्टनी यांच्या पावलांचा आवाज, आणि तोही मुद्दाम ध्वनिक्षेपक लावून टिपलेला. अकूस्टिक संगीत म्हणजे आपोआप घडलेले, अनलंकृत संगीत, हा समज येथे गळून पडतो. साधेपणा हीसुद्धा योजनापूर्वक केलेली रचना असते.

‘जेनी रेन’ हे २००५ मधील गीत त्याच कुळातील आहे. ब्लॅकबर्डप्रमाणे रेन हाही इंग्लंडमधील परिचित पक्षी आणि जेनी रेन हे चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीतील पात्राचेही नाव. अल्बममध्ये गीताच्या मध्यभागी डुडुक हे आर्मेनियन वाद्य येते. जर्दाळूच्या लाकडाचे, आपल्या सनईप्रमाणे दुहेरी पत्तीचे, पण सनईहून पुष्कळ मृदू व खोल नादाचे हे वाद्य पेड्रो युस्टाश यांनी वाजविले आहे. गीताला ते जुनेपणाची छटा देते. अॅबी रोड येथे मात्र सारा भार गिटार व कंठ यांवरच होता.

या मांडणीत मोठी जोखीम होती. मातेशेजारी कन्येला उभे केले की तुलना अटळ ठरते. ‘जेनी रेन’ तीत संपूर्ण उतरते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ‘ब्लॅकबर्ड’ची मितभाषी घट्ट वीण तिच्यात नाही. परंतु तिच्यात असे काही आहे, जे सव्विसाव्या वर्षीच्या मुद्रणात असणे शक्यच नव्हते. आवाज वरच्या स्वरांवर किंचित विरतो आणि गायक तो विरू देतो. गाणे बंद केलेल्या पक्षिणीविषयीचे हे गीत त्या विरण्यामुळे खरे वाटू लागते. वादकवृंदाच्या गजरात हा दोष झाकला गेला असता आणि त्याबरोबर गीताचा अर्थही.

नंतरचे पडसाद

अल्बम ब्रिटनमध्ये दहाव्या व अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. २००६ च्या ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठी त्याचे नामांकन झाले; पुरस्कार यू-टू या आयरिश संघास मिळाला. गॉड्रिच यांच्यासह मॅकार्टनी यांनी पुढे संपूर्ण अल्बम केला नाही. नकार पचविता येतो, पण त्याची सवय लावून घेणे अवघड असते, असा तर्क करण्यास येथे वाव आहे.

जून २०२४ मध्ये ‘वन हँड क्लॅपिंग’ या नावाने १९७४ मधील विंग्जची ध्वनिमुद्रणे अधिकृतरीत्या प्रकाशित झाली. त्यांना जोडून, अॅबी रोड स्टुडिओच्या मागील परसात मॅकार्टनी यांनी त्याच वर्षी एकट्याने गिटारवर गायलेली काही गीतेही बाहेर आली. त्यांत ‘ब्लॅकबर्ड’ आहेच. म्हणजे परसात जाऊन बसण्याची ओढ २००५ मध्ये प्रसिद्धीसाठी शोधून काढलेली नव्हती.

डिसेंबर २०२० मध्ये, महासाथीच्या टाळेबंदीत ससेक्समधील आपल्या स्टुडिओत बव्हंशी एकट्याने केलेला ‘मॅकार्टनी ३’ प्रकाशित झाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या आरंभीही अकूस्टिक गिटार आहे आणि शेवटीही. शेवटचे ‘व्हेन विंटर कम्स’ हे गीत मात्र १९९० च्या दशकाच्या आरंभी मुद्रित होऊन राहून गेले होते आणि त्याचे सहनिर्माते होते जॉर्ज मार्टिन. त्याच्याआधी काही क्षण आरंभीची धून पुन्हा ऐकू येते. तिथला वादक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि गिटार न थांबता जो आवाज गाऊ लागतो तो पन्नाशीतला आहे.