हलक्या गरीचा आख्खा दिवस

वऱ्हाडात खारे पाणी म्हटले की पूर्णेचा खारपाणपट्टा आठवतो. दर्यापूर-भातकुलीकडच्या विहिरींचे ते पाणी पिकालाच सोसत नाही, तिथे मासा गरवण्याची गोष्ट कुठून निघणार? आपला मासा गोड्या पाण्याचा. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातला रोहू-कटला, नाहीतर नदीतली मरळ. आणि तोही बहुधा भोयांच्या जाळ्यातून थेट बाजारात आलेला. अमरावतीच्या राजापेठेतली चार घरची मंडळी सुटीत कोकणात उतरली, तर त्यांचा समुद्र किल्ला, स्कूबा आणि सुरमईच्या थाळीवर आटोपतो. पण मालवण, देवबाग, वेंगुर्ले आणि पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट मिळू लागली आहे. तीन-चार जणांनी मिळून लहान होडी दिवसभरासाठी ठरवायची, आणि बारीक दोरा, लवचीक काठी व लहानसे रीळ घेऊन समुद्रात मासे गरवायचे. इंग्रजीत याला ‘लाइट टॅकल’ म्हणतात. आपण हलकी गरी म्हणू.

कोकणाला गरवणे नवे नाही. बोटाला दोरा गुंडाळून खडपावर बसलेली पोरे आणि पहाटे एकटीच पात (लहान होडी) घेऊन निघालेली म्हातारी माणसे तिथे पिढ्यान् पिढ्या हेच करत आली आहेत. नवे आहे ते हत्यार. आणि दिवसाचे पैसे मोजून तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, हाताखाली शिकायला येणारे गिऱ्हाईकही नवेच.

दोरा, काठी, रीळ

हलक्या गरीतला दोरा हातात घेतला की पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. साधारण २० पौंडी म्हणजे ९ किलोचा ताण सोसणारा विणलेला दोरा शिवणाच्या दोऱ्याहून फार जाड नसतो. त्याच्या टोकाला हात-दीड हात जाड, पारदर्शक नायलॉनचा तुकडा जोडलेला असतो, कारण माशाचे दात, कल्ल्यांच्या धारदार कडा आणि खडकावरचे कालव बारीक दोरा क्षणात कापतात. दोन जाडींच्या दोऱ्यांची ही गाठ मारणे हे होडीवरचे सर्वांत नाजूक काम. बारीक दोरा जाड तुकड्यावर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी वीसेक वेढे घेत आवळत न्यायचा, थुंकीने ओला करायचा आणि मग दोन्ही हातांनी ओढून पाहायचा. चांगली बसलेली गाठ काठीच्या कड्यांतून आवाज न करता निघून जाते. खटखट आवाज आला की तांडेल ती कापतो आणि पुन्हा बांधतो. त्यावर वाद घालायचा नसतो.

खरी करामत रिळात असते. या रिळाची फिरकी जागेवर स्थिर राहते आणि तिच्याभोवती एक तारेची कमान फिरून दोरा गुंडाळते. १९०५ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ याने या रचनेचे पेटंट घेतले. त्यामुळे हलके आमिषही लांब फेकता येऊ लागले, कारण फेकताना फिरकी फिरावीच लागत नाही. दोरा तिच्यावरून सैल सुटत जातो. फिरकीच्या डोक्यावर एक चकती असते. ती आवळली की आतल्या कार्बनच्या किंवा नमद्याच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोरा जड सुटतो. सैल केली की हलका सुटतो. संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही: वाऱ्याने ओढले की ढील द्यायची, वारा पडला की आखडायचे. इथे ती ढील रीळ आपोआप देते, फक्त किती द्यायची ते आधी ठरवून ठेवावे लागते. जाणते लोक ती दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ठेवतात. ९ किलोच्या दोऱ्याला दोन ते तीन किलो. बऱ्याच होड्यांवर त्यासाठी सामान तोलायचा लहान काटा असतो. दोऱ्याचे टोक काट्याला अडकवून ओढायचे आणि काटा अडीचवर आला की रिळाने दोरा सोडायला लागला पाहिजे.

नवखा माणूस इथेच फसतो. मासा लागला, रीळ किंचाळू लागले की तो घाबरून चकती आवळतो आणि त्याच क्षणी दोरा तुटतो. तेव्हा सुकाणूवरून आवाज येतो, “ओढू नको, जाव दे तेका!” तांडेलाच्या दिवसातले निम्मे बोलणे याच एका वाक्याचे असते.

हौसेला नियम

हलक्या हत्याराने मोठा मासा धरायची हौस कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर नियमांत बसली. चार्ल्स होल्डर या निसर्ग-लेखकाने तिथे १८३ पौंडांचा ट्यूना काठीने धरला आणि १८९८ मध्ये ट्यूना क्लब काढला. हातदोऱ्याने मासे ओढून बोटींत ढीग घालायची तिथली रीत त्याला बंद करायची होती. पुढे या क्लबने काठीचे वजन आणि दोऱ्याची जाडी ठरवून दिली. जितका दोरा बारीक तितका मान मोठा. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि आजचे जागतिक विक्रम दोऱ्याच्या ताकदीप्रमाणे वेगवेगळे नोंदले जातात. हिंदुस्थानातही गोरे अधिकारी काठ्या घेऊन फिरत होते. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. पण त्यांचे मन मुख्यतः नदीतल्या महसीरवर होते. खाऱ्या पाण्यातली हौस आपल्याकडे खऱ्या अर्थाने आली ती अंदमानमधून आणि स्वस्त झालेल्या रिळांमधून.

पाणी वाचणारा माणूस

दिवस पहाटे सुरू होतो, पण किती वाजता ते घड्याळ ठरवत नाही. कोळ्यांचे एक जुने गणित आहे: तिथीला पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. मुंबईच्या आसपास हे गणित ढोबळमानाने जुळते. मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे चढउतार कमी. उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरपर्यंत चढउतार करते. मालवण-गोव्याकडे हाच फरक दोन मीटरच्या आसपास असतो. मासा खातो तो पाणी हलते तेव्हा. स्थिर पाण्यात तासन् तास बसून काही होत नाही, आणि फार जोराच्या ओढीत आमिष तळाला टिकत नाही. म्हणून चांगला तांडेल दिवस मागतो तो तिथी पाहून. शनिवार-रविवार पाहून नव्हे.

पहिला तास आमिषाचा. लहान गळांची माळ पाण्यात वरखाली हलवून जिवंत बांगडे धरायचे, किंवा खाडीतली जिवंत कोळंबी बादलीत घ्यायची. मग सकाळचा शांत वारा आहे तोवर बाहेरच्या पाण्यात. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून बुड्या मारू लागले की खाली पेडव्यांचा थवा आणि त्याच्या खाली सुरमई हे समजायचे. होडी थव्यात घुसवायची नाही, बाजूने नेऊन वाऱ्यावर सोडायची आणि चकाकते धातूचे आमिष पलीकडे फेकून जोरात ओढायचे. पाण्याखालच्या खडपांवर गोब्रा आणि तांबोशी. ही खडपे सापडायची खूण जुनी आहे: किनाऱ्यावरचे देऊळ डोंगराच्या अमुक खिंडीच्या रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूचा माड अमुक टेकडीवर, की खाली खडप. आता होडीवर जीपीएस असते. तरी तांडेल मान वळवून देवळाकडे पाहतोच. तांबोशी लागली तर पहिल्या चार-पाच सेकंदांत निकाल लागतो. ती थेट कपारीत घुसते, आणि घुसली की दोरा गेला. केंड लागला तर मासाही नाही आणि आमिषही नाही. तो चोचीसारख्या दातांनी गळाच्या वरचा दोराच कुरतडतो. शिंगाळ्याला हात लावायचा नाही, त्याचे काटे विषारी असतात.

दुपारी खारा वारा सुटला की बाहेरचे पाणी खवळते आणि होडी खाडीत शिरते. एखादा वऱ्हाडी पाहुणा हमखास विचारतो, “भाऊ, अन् मासा नाहीच लागला तं?” उत्तर प्रामाणिक असते: असे दिवसही जातात.

चोणकाची गोष्ट

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखांवर दुपारनंतर ज्याची वाट पाहायची तो चोणक, रायगडाकडचा जिताडा. ओहोटीचे पाणी खारफुटीतून कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर खेचून आणते, आणि चोणक ओढीच्या कडेला, पुलाच्या खांबाआड किंवा बुडालेल्या झाडाजवळ दबा धरून असतो. आमिष त्याच्या तोंडासमोरून गेले पाहिजे. लांबून पाठलाग करणाऱ्यातला तो नाही. घेतो तेव्हा तोंड एकदम उघडून पाण्यासकट ओढून घेतो, आणि गळ टोचताच पाण्याबाहेर उडी मारून डोके झाडतो. त्या वेळी काठी खाली करून दोऱ्यावरचा ताण क्षणभर हलका करावा लागतो, नाहीतर गळ उडतो.

चोणकाचे आयुष्य उलट-सुलट आहे. तो बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, साधारण ८० सेंटिमीटर ते मीटरभर झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीत लागलेला मोठा चोणक ही जवळजवळ खात्रीने लाखो अंडी घालणारी मादी असते. भिंतीवर फोटो लावण्याजोगा मासा तोच, आणि सोडून देण्याजोगाही तोच.

इथे हलक्या गरीच्या अभिमानावर थोडे पाणी टाकले पाहिजे. दोरा जितका बारीक तितकी शर्यत न्याय्य, असे हौशी लोक सांगतात. ते अर्धेच खरे. दोरा गरजेपेक्षा बारीक असला की मासा अर्धा तास झुंजतो, त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, आणि सोडल्यावर पोहत गेलेला मासा पुढच्या काही तासांत मरू शकतो. म्हणून जाणता तांडेल गिऱ्हाइकाची हौस पाहून दोरा देत नाही. त्या पाण्यातला मासा पाच-दहा मिनिटांत होडीला लागेल, एवढा दोरा देतो. सोडायचा असेल तर हात ओले करायचे, मासा आडवा धरायचा, गळ चिमट्याने काढायचा आणि तोंड ओढीच्या दिशेला करून पाण्यात धरून ठेवायचे, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत.

होडीचे अर्थशास्त्र

हा धंदा वाढण्यामागे किनाऱ्याची अडचणही आहे. पर्ससीन जाळी आणि दिव्यांच्या झोतात मासळी ओढणाऱ्या नौकांमुळे लहान मच्छीमाराच्या जाळ्यात कमी येऊ लागले. महाराष्ट्राने डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले. दिव्यांवरची मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली. अंमलबजावणीवरून भांडणे अजून चालू आहेत. अशा वेळी लहान होडीच्या मालकाला चार पाहुण्यांचा एक दिवस उपयोगी पडतो, कारण त्यात विकले जाते ते त्याला पाण्याविषयी असलेले ज्ञान; मासळी किती आली याला तिथे दुय्यम महत्त्व.

नियम मात्र पाळावे लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मालवणच्या समुद्रातले सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली; पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचे नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला.

जायचे असेल तर

नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेरा आणि अकोल्यावरून कुडाळला जाते. तिचे वेळापत्रक वरचेवर बदलते, ते आधी पाहावे. नाहीतर मुंबई गाठून कोकण रेल्वे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. पावसाळ्यात नाव काढू नये. होडी ठरवताना चार प्रश्न विचारा: प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का, तिथी कोणती, आणि लहान मासा सोडता का. चौथ्या प्रश्नाला जो हसला, त्याची होडी घेऊ नका. ओळखपत्र, टोपी, पाणी आणि उलटीची गोळी जवळ ठेवा. खाण्यापुरता मासा ठेवा, त्यात गैर काही नाही. पण ८० सेंटिमीटरच्या पुढचा चोणक लागला, तर फोटो काढा आणि तो परत पाण्यात सोडा.