टेन्शनची गोळी उसनी घेऊ नका

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी, पण गोळी आणू नये, हे आम्ही आता प्रत्येक महिला बैठकीत सांगतो. त्यामागे आमच्याच वस्तीतील एका ताईंची हकिकत आहे.

नवऱ्याचे काम सुटले, मुलाची फी थकली आणि ताईंची झोप उडाली. रात्री छातीत धडधड, हाताला घाम, जीव गुदमरल्यासारखा. शेजारणीने आपल्या पाकिटातली अर्धी गोळी दिली. ताई शांत झोपल्या. पुढे अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. तीन महिन्यांनी मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटले आणि गोळी एकदम बंद झाली. तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरू लागले, मग आकडी आली. घरातले कोणी ‘बाहेरचे’ म्हणू लागले. आम्ही ताईंना सरकारी दवाखान्यात नेले.

चूक आमचीही होती. विहारातील बीपी तपासणीच्या दिवशी ते पाकीट ताईंच्या पिशवीत आम्ही पाहिले होते. विचारले मात्र नाही.

ती गोळी अल्प्राझोलमची होती. क्लोनाझेपाम, लोराझेपाम याच घरातल्या. या गोळ्या लवकर शांत करतात, म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात. काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय लागू शकते. रोज घेणाऱ्याने त्या एकदम तोडल्या तर आकडी येऊ शकते. डॉक्टरांनी ताईंची गोळी काही महिन्यांत थोडी थोडी कमी करून सोडवली. अल्प्राझोलमसारखी औषधे 2014 पासून शेड्यूल एच-वन या कडक यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहून, वेगळ्या वहीत नोंद करूनच ती द्यायची असतात. त्याने नकार दिला तर भांडू नका, डॉक्टरांकडे जा.

दुसरा प्रकार एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांचा. यांची नशा नसते. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते. ‘काही फरक नाही’ म्हणून अनेकजण आठव्या दिवशीच सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा. बरे वाटल्यावरही काही महिने गोळी चालू ठेवावी लागते. तरुण मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरात एवढे पाळा :

• डॉक्टरांना सगळे सांगा : दारू, गरोदरपण, अंगावर पिणारे बाळ, दमा, बीपी-शुगरची व अंगदुखीची औषधे.
• झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळीवर दारू घेऊ नका. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.
• डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.
• गोळीने गुंगी येत असेल तर गाडी, मशीन चालवू नका. म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना हात द्या, तोल जातो.
• गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. चिठ्ठी जपून ठेवा.

धडधड म्हणजे दरवेळी टेन्शनच असे नाही. थायरॉईड, रक्त कमी असणे, हृदयाचा त्रास यांतही ती होते. म्हणून आधी तपासणी. छातीत दुखून घाम फुटला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

गोळी धडधड थांबवते, थकलेली फी भरत नाही. म्हणून गोळीबरोबर बोलणेही हवे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात दाखवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर रात्रंदिवस, मोफत चालतो.

ताई आता कामावर जातात. त्यांच्या चिठ्ठीचा कागद घडी घालून डब्यात असतो. तुमच्या घरात चिठ्ठीशिवायचे पाकीट असेल, तर आज लपवू नका. एकदम बंदही करू नका. ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. एकटे जायला अवघड वाटले तर आम्हाला हाक मारा, आम्ही सोबत येऊ.