डोंगरउताराची वाट बंद का ठेवतात?

एका वाचकांनी विचारले आहे, ‘कॅनडात शिकणारा माझा पुतण्या सुट्टीत व्हिसलरला सायकल चालवायला गेला. ऊन स्वच्छ होते, तरी वरच्या वाटा बंद! पैसे भरलेल्या मुलांना ही आडकाठी कशासाठी?’

त्यांच्या पुतण्याला त्या दिवशी नेमके कोणते कारण आडवे आले, हे येथे बसून सांगता येणार नाही. पण मुळात वाट बंद का करतात, ते जखमांकडे पाहिले की कळते.

व्हिसलर हे व्हँकुव्हरपासून सुमारे १२० किलोमीटरवरचे डोंगरी गाव. उन्हाळ्यात रोपवेने सायकलीसह वर जायचे आणि झाडीतल्या अरुंद वाटांवरून उड्या घेत खाली यायचे, असा हा खेळ. चढाचे श्रम नसल्याने दिवसात फेऱ्या पुष्कळ होतात. ब्रेक दाबून दाबून पंजे मात्र थकतात.

तेथील आरोग्य केंद्रात २००९ च्या उन्हाळी हंगामात आलेल्या जखमींच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. सुमारे पाच महिन्यांत ८९८ रुग्ण! बहुतेक तरुण मुलगे. ३८२ जणांची हाडे मोडली होती, त्यांतली तीन चतुर्थांश हात-खांद्यांची. दर शंभरात ११ जणांच्या मेंदूला इजा होती. सत्तरावर रुग्णांना मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले, सात जणांना हेलिकॉप्टरने. कोणी दगावले नाही, हे खरे. पण ते मदत वेळेवर पोचल्यामुळेच, असे मला वाटते.

येथेच बंदीचे उत्तर आहे. उतारावर पडलेल्याला स्ट्रेचरवरून काढायला चार-सहा माणसे गुंततात. ती आधीच दुसऱ्या जखमीकडे असली, तर तिसऱ्याला कोण आणणार? विजा चमकू लागल्या की रोपवे थांबतो. धुके किंवा वणव्याचा धूर दाटला की हेलिकॉप्टर उतरत नाही. शिवाय धुरातले बारीक कण फुप्फुसात खोल जातात, दमेकऱ्याला ते फारच बाधतात. आणि ऊन पडले तरी रात्रीच्या पावसाचा चिखल झाडीत तसाच असतो.

आपल्याकडे घाट उतरणाऱ्या मुलांच्या पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा वाढती डोकेदुखी दिसली, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मूल शुद्धीवर असले तरीसुद्धा!

दुसरी गोष्ट मनगटाची. पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकतो. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो, तेथे दाबून दुखले तर ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. तेथील छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर हात प्लॅस्टरमध्ये ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. तेव्हा दुखणे थांबले असले, तरी तो काढून घ्यावा.