क्रीडागृहाची जमीन

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नगरांत लोकवस्ती जसजशी दाट होत गेली आणि मोकळ्या जागांवर इमारती उभ्या राहिल्या, तसतसे शाळांनी आणि क्रीडासंस्थांनी आपले खेळ मैदानावरून छपराखाली आणले. आणि मग, मैदानात ज्याचा कोणी फारसा विचार करीत नसे, असा एक प्रश्न पुढे आला की खेळाडूच्या पायाखाली काय असावे. नव्या सभागृहाची तजवीज करताना भिंतींचा रंग, दिव्यांची योजना, व्यासपीठाची उंची यांवर संस्थांच्या बैठकांतून पुष्कळ चर्चा होते. जमिनीचा निर्णय मात्र बहुधा फरशीचा नमुना पाहून आणि खर्चाचा अदमास घेऊन होऊन जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. क्रीडागृहातील सर्वांत महत्त्वाचे साधन जमीन हेच होय, कारण चेंडू, जाळे, रॅकेट ही साधने बदलता येतात. जमीन एकदा चुकली की वर्षानुवर्षे ती मुलांच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना सोसावी लागते.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. तालमीच्या हौद्यातील तांबडी माती चाळून घ्यावी, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळावा, रोज फावड्याने ती खालीवर करावी आणि मगच तिच्यावर जोड खेळवावी, हा परिपाठ म्हणजे पडणाऱ्या देहाला झेलणारी आणि पावलाला पकड देणारी भूमी सिद्ध करण्याचे शास्त्रच होते. 1952 साली हेलसिंकी येथे गादीवर कुस्ती करून ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव याच मातीच्या परंपरेतले. ठाण्याच्या मावळी मंडळासारख्या जुन्या संस्थांनी जी कबड्डी जोपासली, तीही मूळची मातीवरचीच. पुढे 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, 2014 साली प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले, आणि पुरुषांसाठी 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असलेले ते क्रीडांगण मातीवरून मॅटवर आले. त्याबरोबर अनवाणी पावलात बूट आले, पकडीची तंत्रे बदलली, आणि मॅटवर सांडलेला घाम फडक्याने तत्काळ पुसणे हा सामन्याचा भाग झाला. कारण मातीत घाम जिरतो, मॅटवर तो साचतो आणि पाय घसरतो.

माती आणि मॅट यांच्या मधल्या काळात मात्र आपल्या शाळांनी मुलांना दिला तो कोबा, शहाबादी फरशी, आणि अलीकडे चकचकीत विट्रिफाइड टाइल. धुण्यास सोपी आणि टिकाऊ म्हणून ही जमीन वर्गाला, व्हरांड्याला शोभते. उडी मारणाऱ्या मुलाला ती घातक आहे. उडीनंतर जमिनीवर येणाऱ्या देहाचा आघात त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. जमीन किंचित लवली तर त्या आघाताचा काही वाटा ती उचलते. कोबा तिळमात्रही लवत नाही, म्हणून सगळा भार टाच, नडगी, गुडघा आणि कंबर यांच्यावर येतो.

जमिनीने हा वाटा किती उचलावा, हे आता मोजता येते. वीस किलो वजन 55 मिलिमीटर उंचीवरून एका स्प्रिंगवर सोडतात आणि काँक्रीटवर जेवढा आघात नोंदला जातो त्याच्या तुलनेत परीक्षेच्या जमिनीवर तो किती कमी झाला हे पाहतात. युरोपीय मानकानुसार ही घट निदान 25 टक्के हवी आणि 75 टक्क्यांहून अधिक नको; कारण फार मऊ जमिनीत पाऊल रुतते, धावणारा लवकर थकतो आणि घोटा मुरगळतो. तोच न्याय पकडीला लागू आहे. घसरडी जमीन पाडते हे सर्वांना कळते. परंतु बुटाला अति चिकटून बसणारी जमीनही तितकीच वाईट, कारण देह वळतो, पाऊल वळत नाही, आणि मधल्या गुडघ्याचे बंध फाटतात. चेंडूची कसोटी तर कोणत्याही क्रीडाशिक्षकाला स्वतः घेता येईल: बास्केटबॉल 1.8 मीटर उंचीवरून आधी काँक्रीटवर आणि मग नव्या जमिनीवर सोडावा. काँक्रीटवरील उसळीच्या निदान 90 टक्के उसळी सर्वत्र मिळाली पाहिजे. लाकडी जमिनीवर एखाद्या जागी चेंडू मंदावला, तर तेथे लाकडाखाली पोकळी किंवा निसटलेला आधार आहे असे खुशाल समजावे.

लाकडी जमिनीचे मर्म पृष्ठभागाखाली असते. तळाला सपाट काँक्रीट, त्यावर ओल अडविणारा प्लास्टिकचा पडदा, त्यावर रबराच्या गाद्यांवर टेकलेल्या लाकडी पट्ट्या, त्यांवर प्लायवूड, आणि सर्वांत वर मेपल किंवा बीच यांसारख्या कठीण लाकडाच्या फळ्या, अशी ही रचना असते. या सगळ्या थरांची जाडी हिशेबात धरून काँक्रीटची पातळी आधीच खाली ठेवावी लागते. तसे न केल्यास दाराशी अकारण पायरी निर्माण होते. येथे शाळांनी एक भेद ध्यानात घ्यावा. केवळ फळ्यांच्या लवचीकपणावर अवलंबून असलेली जमीन प्रौढ खेळाडूच्या वजनाने लवते, दहा वर्षांच्या मुलाच्या वजनाने फारशी लवत नाही. म्हणून प्राथमिक शाळेला पायाखालच्या नेमक्या जागी दबणारा मऊ थर असलेली जमीन, किंवा लाकडावर तसा थर बसविलेली संमिश्र जमीन, अधिक हितावह ठरते.

आपल्या भागाचा खरा शत्रू ओल. खाडीकाठच्या या नगरांत पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने जड झालेली असते. लाकूड फुगते, फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात, आणि भिंतीशी फट ठेवली नसेल तर जमीन मधोमध फुगून उठते. त्याहून फसवी असते ती नव्या काँक्रीटमधील ओल, कारण वरून ते कोरडे दिसते. तिचा शोध घेण्याची रीत अगदी साधी आहे: दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने काँक्रीटवर बसवावा आणि सोळा तासांनी उचलावा, खाली दमटपणा किंवा काळसर डाग दिसला, तर उद्घाटनाची तारीख कितीही जवळ आली असली तरी काम थांबवावे.

सौंदर्याविषयी माझे मत असे आहे की क्रीडागृहात डोळ्यांना जे सुखद, ते खेळालाही सोयीचे असले पाहिजे. आरशासारखी चमक दिव्यांचे प्रतिबिंब खेळाडूच्या डोळ्यांत फेकते, म्हणून वरचा लेप मंद तकाकीचाच हवा. पांढरे शटल ठळक दिसावे यासाठी बॅडमिंटनच्या हिरव्या मॅटबरोबर भिंतीही गडद असाव्यात. ज्या ठाण्याने दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहाच्या आवारातील सभागृहातून बॅडमिंटनपटूंच्या पिढ्या घडविल्या, आणि क्रिकेटबरोबर बॅडमिंटनही गाजविणाऱ्या खंडू रांगणेकरांचे नाव त्या खेळाशी जोडून ठेवले, त्या नगराला हे वेगळे सांगावयास नको. शाळेच्या एकाच सभागृहात मात्र बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि कबड्डी या सर्वांच्या रेषा आखल्या जातात आणि मुलांना आपली रेषा सापडेनाशी होते. अशा वेळी शाळेत जो खेळ सर्वाधिक खेळला जातो त्याच्या रेषा ठळक रंगात आखाव्यात, दुसऱ्याच्या सौम्य रंगात, आणि बाकीचे खेळ उचलून ठेवता येणाऱ्या मॅटवर न्यावेत.

आमच्याकडील शाळेचे सभागृह केवळ क्रीडागृह नसते. तेथे स्नेहसंमेलन भरते, परीक्षा होतात, मतदानकेंद्रही लागते. लोखंडी खुर्च्यांचे पाय आणि बाहेरून आलेली चपलांची वाळू उत्तम लाकडाची नासाडी करतात. असा वापर टळणार नसेल तर महागडे लाकूड घालूच नये. चांगल्या प्रतीची, जाड पाठीची सिंथेटिक जमीन घ्यावी, खुर्च्या मांडण्यापूर्वी जाड आच्छादन अंथरावे, आणि कबड्डी व कुस्तीसाठी वेगळी मॅट बाळगावी. ज्या शाळेला एवढाही खर्च झेपत नाही तिने अंगणातला एक कोपरा मातीचा राखावा, त्यातील खडे वेचून माती नियमाने उकरावी आणि पाणी शिंपडावे. चकचकीत टाइलपेक्षा तो कोपरा मुलांच्या देहाला अधिक मानवेल.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथील महापालिकांना आणि शाळांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की पुढच्या क्रीडागृहाच्या निविदेचा मसुदा करताना त्यात ‘उत्तम प्रतीची जमीन’ असे मोघम शब्द न घालता आघातशोषण, पकड, चेंडूची उसळी आणि काँक्रीटमधील ओल यांच्या मर्यादा आकड्यांत लिहाव्यात, काम पूर्ण झाल्यावर बसविलेल्या जमिनीचीच चाचणी घ्यावी, आणि तिचा अहवाल हाती आल्याखेरीज ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये.