चाकाचे नट सैल का होतात?

चाक जागेवर राहतं ते नट आवळल्यावर बोल्टला बसणाऱ्या ताणामुळे. हा ताण चाकाच्या डिस्कला हबवर दाबून धरतो. मध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर तो चालत्या गाडीत दबतो, ताण उतरतो आणि नट फिरू लागतात. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहणं तितकंच घातक: जास्त ताणलेला बोल्ट पुढे भरल्या पिकअपखाली तुटू शकतो. चकचकीत टोपीच्या नटांत पाणी शिरलं की टोपी फुगते, मग ऐन रस्त्यात पाना बसत नाही. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या मापानेच आवळा. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट सैल झालेला असू शकतो; माल भरू नका. चाक बदलल्यावर 80 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क पाना पुन्हा लावाच.