पोगाचार, संशय आणि पुरावा

जुलै आला की सायकल शर्यतींच्या चाहत्यांमध्ये तोच वाद पेटतो. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार २०२० ते २०२५ या काळात चार वेळा टूर द फ्रान्स जिंकला. २०२४ साली तर जिरो दि'तालिया, टूर आणि जागतिक अजिंक्यपद ही तिन्ही त्यानं एकाच वर्षात खिशात घातली. पुरुषांमध्ये हे त्याच्याआधी फक्त दोघांना जमलं होतं: १९७४ साली एडी मर्क्सला आणि १९८७ साली स्टीफन रोशला. एक गट म्हणतो, औषध घेतल्याशिवाय इतकं जिंकता येत नाही. दुसरा म्हणतो, तो एकदाही चाचणीत अडकलेला नाही, विषय संपला.

माझ्या मते दोन्ही गट भलत्याच जागी पुरावा शोधत आहेत. या खेळाचा इतिहास पाहता संशय घेण्यात काहीच गैर नाही. पण ज्या गोष्टींवरून तो घेतला जातो त्यातल्या बऱ्याचशा शर्यत कशी चालते हे न पाहिल्यामुळे संशयास्पद वाटतात. आणि ज्या गोष्टींच्या भरवशावर खेळाडूला निर्दोष ठरवलं जातं, त्याही फारसं काही सिद्ध करत नाहीत.

‘शंभर किलोमीटर एकटा पळाला, हे माणसाचं काम नाही’

हे वाक्य सप्टेंबर २०२४ मधल्या झ्युरिकच्या जागतिक अजिंक्यपदाबद्दल बोललं जातं. शर्यत जवळपास २७४ किलोमीटरची होती आणि शंभर किलोमीटर बाकी असताना पोगाचार मुख्य घोळक्यातून सुटला, हे खरं. पण तो शंभर किलोमीटर एकटा नव्हता. काही जणांची एक टोळी आधीच पुढे निघून गेली होती आणि तिच्यात त्याचाच देशबांधव यान ट्राटनिक होता. ट्राटनिक मुद्दाम मागे आला आणि स्वतः वारा अंगावर घेत त्यानं पोगाचारला त्या टोळीपर्यंत नेऊन पोचवलं. नंतर फ्रान्सचा पावेल सिवाकोव्ह काही काळ त्याच्यासोबत राहिला. तो एरवी पोगाचारच्याच व्यावसायिक संघातला. पोगाचार खऱ्या अर्थानं एकटा होता तो शेवटचे सुमारे पन्नास किलोमीटर.

त्याच वेळी मागे काय चाललं होतं, ते जास्त महत्त्वाचं आहे. मागच्या गटात बेल्जियमचा रेम्को एवेनेपूल आणि नेदरलँड्सचा मॅथ्यू वान डेर पूल होते. पाठलाग करायचा तर कुणीतरी पुढे राहून वारा झेलायला हवा, आणि जो झेलेल तो शेवटी दमून प्रतिस्पर्ध्यालाच पदक देऊन बसेल. त्यामुळे दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. अजिंक्यपदाला खेळाडू आपापल्या देशाकडून उतरतात आणि कानात रेडिओ नसतो, म्हणजे पुढे नेमका किती सेकंदांचा फरक आहे हे गाडीतून सतत सांगणारंही कुणी नसतं. एवढं सगळं जुळून येऊनही पोगाचार किती फरकानं जिंकला? ३४ सेकंद. त्या दिवशी मागच्यांनी वेळेवर एकी केली असती, तर कदाचित आज आपण त्याच्या अविचाराबद्दल बोलत असतो.

वाऱ्याचं हे गणित कळल्याशिवाय सायकल शर्यत कळत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरच्या वेगानं जाताना खेळाडूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाच्या बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला जाणवणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत ५ ते १० टक्क्यांपर्यंत खाली येतो, असं त्यांना आढळलं. मधोमध बसलेला नेता चार तास जवळपास फुकटात प्रवास करतो आणि त्याच्यासाठी सात सहकारी पाळीपाळीनं राबत असतात. टीव्हीवर शेवटचा अर्धा तास पाहणाऱ्याला फक्त तो ताजातवाना नेता दिसतो आणि ‘याला दम कसा लागत नाही’ असा प्रश्न पडतो.

‘मग बाकीचे सगळे मिळून त्याला का पाडत नाहीत?’

पाडतात. १३ जुलै २०२२ला पाडलं होतं. टूरमधला अल्बेरव्हिलहून कोल द्यू ग्रानोंपर्यंतचा तो टप्पा होता, वाटेत २,६४२ मीटर उंचीचा गालिबिए. एकूण क्रमवारीतल्या आघाडीची पिवळी जर्सी पोगाचारच्या अंगावर होती, पण कोविडमुळे त्याचे दोन सहकारी शर्यतीबाहेर गेले होते. यम्बो-विस्मा संघानं नेमकं हेच हेरलं. त्यांच्याकडे योनास विंगेगार्ड आणि प्रिमोझ रोग्लिच असे दोघं होते. दोघांनी आळीपाळीनं हल्ले सुरू केले: एक सुटला की पोगाचारनं त्याला गाठायचं, गाठतो न गाठतो तोच दुसरा सुटायचा. रोग्लिच आधीच्या अपघातामुळे स्वतः जिंकण्याच्या शर्यतीत उरलाच नव्हता. पण पोगाचारला त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची हिंमत झाली नाही. ग्रानोंच्या ११ किलोमीटरच्या, सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त चढावर विंगेगार्ड निघाला तेव्हा पोगाचारच्या पायांत काहीच शिल्लक नव्हतं. जर्सीची चेन उघडी टाकून तो कसाबसा वर पोचला. त्या एका चढावर त्यानं २ मिनिटं ५१ सेकंद गमावले आणि त्यांच्यासोबत टूरही.

हा डाव रोज का जमत नाही, याचं उत्तर घाटात आहे. चढावर वेग ताशी वीसच्या आसपास येतो, हवेचा विरोध कमी होतो आणि सहकाऱ्यांच्या आडोशाची किंमतही घटते. उरतं ते शरीराचं वजन आणि पायांतली ताकद. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: बोरघाटात माणूस उघडा पडतो. म्हणून चढावर सर्वांत बलवान असलेल्या माणसाला संख्याबळानं रोखणं फार अवघड असतं. १९६९ च्या टूरमध्ये मर्क्सच्या बाबतीतही हेच झालं होतं. वर्चस्व या खेळात नवं नाही. दर पिढीला ते नवं वाटतं, इतकंच.

‘पान्तानीचा विक्रम साडेतीन मिनिटांनी मोडला, म्हणजे ठरलंच’

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो झटकून टाकू नये. मार्को पान्तानीनं १९९८ साली टूरमधला प्लातो द बेईचा जवळपास १६ किलोमीटरचा चढ ज्या वेळात पार केला, त्यापेक्षा पोगाचारची २०२४ मधली वेळ साडेतीन मिनिटांहूनही जास्त कमी होती. पान्तानीचा काळ ईपीओचा. हे संप्रेरक रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. १९९८च्या टूरमध्ये त्यानं ते घेतलं होतं, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीतून पुढे आलं आणि २०१३ साली फ्रेंच सिनेटच्या अहवालात प्रसिद्ध झालं. मग ईपीओ घेणाऱ्याला औषधाविना मागे टाकणं शक्य तरी आहे का?

एकाच चढावरच्या दोन वेळांची तुलना तेव्हाच खरी, जेव्हा बाकी सगळं सारखं असतं. २०२४ मध्ये चढाच्या पायथ्यापासून विंगेगार्डच्या संघानं जोरदार वेग ठेवला. नंतर स्वतः विंगेगार्डनं सुमारे दहा किलोमीटर बाकी असताना हल्ला केला आणि पोगाचार सुमारे पाच किलोमीटर त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला. म्हणजे पहिल्या मीटरपासून घड्याळाशी झुंज. एरवी पायथ्याशी सगळे एकमेकांना जोखत हळू निघतात. त्या दिवशी विंगेगार्डनंही पान्तानीची वेळ मोडली, हे सहसा सांगितलं जात नाही.

दुसरा मोठा बदल पोटातला. ताशी ६० ग्रॅमपेक्षा जास्त कर्बोदकं शरीर पचवू शकत नाही, असं पूर्वी धरून चालत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, हे कळल्यावर दोन्हींचं मिश्रण वापरून ताशी १२० ग्रॅमपर्यंत मजल गेली. पाच तासांच्या टप्प्याच्या शेवटच्या चढावर खेळाडू आता रिकाम्या टाकीनं पोचत नाही. त्यात रुंद टायर, हवा कापणारे कपडे, उंचावरची शिबिरं ही भर.

पण या सगळ्याची बेरीज नेमकी साडेतीन मिनिटं होते, असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यावरही मी विश्वास ठेवणार नाही. कार्बन मोनॉक्साइडचंच पाहा. उंचावर राहून रक्तात किती फरक पडला हे मोजण्यासाठी काही आघाडीचे संघ हा वायू थोड्या प्रमाणात हुंगण्याची पद्धत वापरत होते, त्यात पोगाचार आणि विंगेगार्ड या दोघांचेही संघ होते. तोच वायू वारंवार घेतला तर शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं. मोजमाप आणि फसवणूक यांच्यातली सीमा इतकी बारीक होती की आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, फेब्रुवारी २०२५ पासून त्याच्या वारंवार वापरावर बंदी घातली. कुणी गैरवापर केल्याचं यात सिद्ध झालेलं नाही. नियम मात्र विज्ञानाच्या मागून धावतात, हे यात दिसतं. संशयाचं आणखी एक कारण: पोगाचारच्या संघाचे प्रमुख मौरो जियानेत्ती २००८ साली ज्या संघाचे प्रमुख होते, त्यातला रिकार्डो रिक्को त्या वर्षीच्या टूरमध्ये पकडला गेला आणि अख्ख्या संघानं माघार घेतली. चाहत्यांनी याबद्दल प्रश्न विचारणं रास्तच आहे. पण तो प्रश्न व्यवस्थापनाला विचारायचा. पोगाचारच्या रक्तात काय आहे, याचा तो पुरावा होत नाही.

‘तेव्हा सगळेच घेत होते, म्हणजे सामना बरोबरीचाच’

उत्तेजकं घेतल्याचं पुढे उघड झालेल्या लान्स आर्मस्ट्राँगच्या बाजूनं आजही हे बोललं जातं आणि ऐकताना मला संताप येतो. ईपीओ पकडणारी चाचणी नव्हती, तेव्हा यूसीआयनं १९९७ साली एक मर्यादा घातली: रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीबाहेर. ज्याचं नैसर्गिक प्रमाण ४० होतं त्याला दहा अंकांची मोकळीक मिळाली, ज्याचं ४७ होतं त्याला तीनच. औषध सगळ्यांनी घेतलं तरी फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. पैशाचंही तसंच. आर्मस्ट्राँगनं मिकेले फेरारी या डॉक्टरला दहा लाख डॉलरहून जास्त दिले, असं अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०१२ च्या अहवालात नोंदलं आहे. इतकी ऐपत किती जणांची होती?

शिवाय सगळे घेत नव्हते. फेस्टिना संघावर १९९८ मध्ये छापे पडले तेव्हा संघातल्यांनीच पोलिसांना सांगितलं की क्रिस्तोफ बासों काही घेत नाही. पुढच्या वर्षी बासों एका फ्रेंच वर्तमानपत्रात टूरवर लिहू लागला आणि संशय बोलून दाखवू लागला. भर शर्यतीत आर्मस्ट्राँगनं त्याला गाठून निघून जायला सांगितलं. घोळक्यानं त्याला वाळीत टाकलं. त्यानं टूर अर्धवट सोडली आणि २००१ साली व्यावसायिक सायकलिंगही.

२००४ च्या टूरचा अठरावा टप्पा तर सगळ्या जगानं पाहिला. इटलीचा फिलिप्पो सिमिओनी पुढे गेलेल्या एका छोट्या टोळीच्या मागे निघाला. एकूण क्रमवारीत त्याचा कुणाला धोका नव्हता. तरीही पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे धावला. कारण सिमिओनीनं फेरारीविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली होती. पिवळी जर्सी सोबत असेल तर मागचे संघ पाठलाग सोडणार नाहीत, हे टोळीतल्यांना कळत होतं. त्यांनी आर्मस्ट्राँगला मागे जाण्याची विनंती केली. सिमिओनी येणार असेल तरच मी जातो, ही त्याची अट. अखेर दोघंही मागे आले आणि आर्मस्ट्राँगनं कॅमेऱ्याकडे पाहत ओठांवरून बोट फिरवून चेन लावल्याची खूण केली. डावपेचांची सगळी भाषा त्यानं एका साक्षीदाराला गप्प करण्यासाठी वापरली. अशा खेळात बरोबरी कुठली?

‘सायकलमध्ये मोटर असते’

एकदा सापडली. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डर इथं सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत फेम्के वान डेन ड्रीश हिच्यासाठी ठेवलेल्या सायकलीत. तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. त्यानंतर क्ष-किरण यंत्रं आली. मोठ्या रोड शर्यतींत मोटर सिद्ध झालेली नाही. माझ्या मते आज हा संशय सर्वांत कमकुवत आहे.

‘चाचणीत कधी सापडला नाही, म्हणजे स्वच्छ’

आर्मस्ट्राँग हेच सांगत राहिला. त्याला अखेर पकडलं ते २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षींनी, त्यातले १५ सायकलपटू होते. फेस्टिनाचं बिंग फुटलं ते विली व्होट या मसाज करणाऱ्याची औषधांनी भरलेली गाडी सीमेवर अडवली गेल्यामुळे. २००६ चं स्पेनमधलं रक्तपिशव्यांचं प्रकरण आणि २०१९ चं ऑस्ट्रिया-जर्मनीतलं, दोन्ही पोलिसांनी उघडकीला आणली. २००७ मध्ये पिवळी जर्सी घातलेल्या मिखाएल रासमुसेनला त्याच्याच संघानं घरी पाठवलं, कारण आपण कुठं आहोत याबद्दल तो खोटं बोलला होता. थोड्या मात्रेतलं ईपीओ शरीरात अगदी थोडा वेळच सापडतं. योग्य तासाला दारावर थाप पडली नाही, तर अहवाल कोराच येतो.

म्हणूनच २००८ मध्ये यूसीआयनं जैविक पासपोर्ट आणला. त्यात औषध शोधत नाहीत. खेळाडूच्या रक्तातले आकडे वर्षानुवर्षं नोंदवतात आणि त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी ताडतात. यातूनही पळवाटा निघतात, पण १९९० च्या दशकासारखं मोकाट रान आता उरलेलं नाही. सायकलिंगला सर्वांत बरबटलेला खेळ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की इतकी तपासणी बऱ्याच खेळांत होतच नाही. आणि आपल्याकडे बोट दाखवायला फार लांब जावं लागत नाही: २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले.

आजचे नमुने उद्याच्या यंत्रांसाठीही असतात. सायकलिंगची चाचणी २०२१ पासून स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था पाहते आणि निवडक नमुने ती गोठवून ठेवते. नियमाप्रमाणे दहा वर्षांपर्यंत ते पुन्हा तपासून कारवाई करता येते. २०२४ च्या टूरचे जपलेले नमुने २०३४ पर्यंत उघडता येतील.